कुलूप, खुर्ची, नरसाळं आणि टॉर्च

घरातल्या तिघांनी एकदम चित्रावर माना झुकवल्या, तेव्हाच तोफेला कळायला हवं होतं की आता आपलं काही खरं नाही.

तोफ हे तिचं घरातलं नाव, काकांनी ठेवलेलं. लहानपणी म्हणे ती बोलायलाच तयार नव्हती. सगळे काळजीत. आणि मग जी एकदा धडाडायला लागली ती आजतागायत थांबलेली नाही. ते नाव शाळेतही पोचलं होतं. गेल्या वर्षापर्यंत कुणी त्या नावाने हाक मारली की तिचे कान लाल व्हायचे. यंदा मात्र तिने स्वतःच ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून टाकलं होतं, मोठ्या अक्षरांत, खाली जाड रेघ मारून.

तर जेवणाच्या टेबलावर चित्र होतं. चित्र म्हणजे खरं तर फोटो. घरातल्या चौघांचा, बाबांच्या स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यासमोर, सगळ्यांनी श्वास रोखून काढलेला. फरक एवढाच की त्यातली चारही डोकी तोफेने कात्रीने उडवली होती. आईच्या मानेवर भलंमोठं कुलूप बसलं होतं. बाबांच्या कॉलरमधून एक रिकामी लाकडी खुर्ची उगवली होती. काकांच्या टायच्या वर नरसाळं. आणि तोफेच्या स्वतःच्या खांद्यांवर टॉर्च, पेटलेला, झोत थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत.

"कुलूप," आई म्हणाली.

"आई, त्याचा तसा अर्थ नाहीये."

"मी अजून कसा म्हणालेच नाही."

"तुझ्या तोंडावर दिसतंय ना!"

"माझ्या तोंडावर कसं दिसेल? तोंडाच्या जागी कुलूप आहे."

आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काचपट्ट्या बघायच्या आणि काय दिसलं ते लिहायचं. काय वाटलं ते नाही, काय दिसलं ते. घरीही तिचा तोच खाक्या. "कुलूप दिसतंय," ती म्हणाली. "किल्ली कुठे दिसत नाही. म्हणजे मी या घरात सगळ्यांना कोंडून ठेवते. झालं निदान."

"निदान कसलं? अर्थच नाहीये त्याला!"

"अर्थ नसलेलं कुलूप कुणी स्वतःच्या आईला लावतं का?"

इतक्यात काकांनी खिशातून भिंग काढलं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ते विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्यांचे फोटो तपासतात. दार आधी चेपलं की बंपर, गाडी झाडावर गेली की झाड गाडीवर आल्याचं मालक सांगतोय, हे ते नुसत्या फोटोवरून ओळखतात, आणि त्यामुळे जगातला प्रत्येक फोटो कुणीतरी आपल्याला फसवण्यासाठीच काढलाय अशी त्यांची ठाम समजूत आहे.

"नरसाळं," काका भिंगातून बघत म्हणाले. "वरून ओता, खालून गळून जातं. म्हणजे माझ्या डोक्यात काही राहत नाही."

"राहत नाहीच की," आई म्हणाली. "काल छत्री कुठे विसरलात?"

"वहिनी, तुम्ही मध्ये बोलू नका. तुम्हाला कुलूप आहे."

"काका! आई! ऐका ना!" तोफेने टेबलावर थाप मारली. पाण्याचा पेला हिंदकळला, तो आईने न बघताच धरला. "हे दादा पद्धतीचं चित्र आहे. दादा!"

"ही म्हणे दादा फोटोग्राफी," काका म्हणाले. "या घरात दादा एकच, आणि तो बिचारा पासपोर्टचे फोटो काढतो."

काका बाबांना दादा म्हणतात, हे सगळ्यांना माहीत होतं, तरी ते आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. तोफेने डोळे मिटून घेतले. दादा हे कलेतल्या एका चळवळीचं नाव आहे, हे ती या घरात किती वेळा सांगून बसली होती! शंभरेक वर्षांपूर्वी, जगात मोठं युद्ध पेटलेलं असताना, काही चित्रकार आणि कवी वैतागले. शहाणी, सुशिक्षित, टाय लावणारी माणसं एकमेकांवर बाँब टाकतायत, आणि वर त्याची व्यवस्थित कारणंही देतायत. मग या मंडळींनी ठरवलं, की आपण आता व्यवस्थित काही करायचंच नाही. वर्तमानपत्रातले फोटो कापायचे, माणसाच्या धडावर यंत्र चिकटवायचं, जे हाताला येईल ते लावायचं. चित्रकलेच्या बाईंनी वर्गात हे सांगताना एकच वाक्य म्हटलं होतं: "ही वैतागलेल्या माणसांची कला आहे." तोफ त्या क्षणी त्या कलेच्या प्रेमात पडली. आपल्यासारख्या माणसांची एक अख्खी चळवळ होऊन गेली आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही!

आणि नुसतं प्रेमात पडून भागणार नव्हतं. शहरातल्या कलादालनात सुट्टीत अशाच जुन्या फोटोंचं प्रदर्शन लागणार होतं. दादावाल्यांचे आणि त्यांच्यानंतर आलेल्या अतियथार्थवाद्यांचे. प्रेक्षकांना ते फिरून दाखवायला शाळेतून एक विद्यार्थी निवडायचा होता. त्यासाठी दालनाच्या प्रमुख बाई उद्या शाळेत येणार, मुलांनी केलेली चित्रं बघणार, मुलांशी बोलणार. पालकांनाही बोलावलेलं होतं. तोफेला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं, की तिने आरशासमोर उभं राहून "या बाजूने या" असं म्हणायची सवयही करून ठेवली होती.

"मी निवडलेलंच नाहीये काही," ती आता शक्य तितक्या शांतपणे म्हणाली. म्हणजे शेजाऱ्यांना फारसं ऐकू जाणार नाही इतक्या. "जुन्या कॅटलॉगमधून वस्तू कापल्या. उशीच्या अभ्र्यात टाकल्या. डोळे मिटले. हात घातला. जे आलं ते चिकटवलं. आईच्या वेळी कुलूप आलं, बाबांच्या वेळी खुर्ची, तुमच्या वेळी नरसाळं. योगायोग! कळलं? त्यात माझं मत नाही, टोमणा नाही, सूड नाही, काही नाही!"

"आणि तुझ्या वेळी टॉर्च," काका म्हणाले.

"हो."

"आम्हाला कुलूप, खुर्ची, नरसाळं. आणि मॅडमना टॉर्च. अंधारात वाट दाखवणारा."

"अभ्रा मोठा हुशार दिसतो," आई म्हणाली.

तोफेचे कान बऱ्याच दिवसांनी लाल झाले. कारण तिच्या वेळी टॉर्च आला नव्हता. तिच्या वेळी आलं होतं पायपुसणं. काथ्याचं, चौकोनी, तपकिरी, दारात पडून राहणारं पायपुसणं. तिने ते मुकाट चिकटवलंसुद्धा होतं. मग थोडं लांब होऊन बघितलं. खाली आपला गणवेश, आपल्या दोन वेण्यांची टोकं, आणि वर पायपुसणं. गोंद ओला होता तोवर तिने ते खरवडून काढलं, कात्रणांच्या पाकिटात कोंबलं आणि अभ्र्यात पुन्हा हात घातला. चमचा आला. तो परत टाकला. मग डोळे किंचित किलकिले करून टॉर्च काढला. एवढंच. एका डोक्याने काय फरक पडतो? कलाकाराला एवढी मोकळीक नको?

बाबा या सगळ्यात एक अक्षर बोलले नव्हते. ते खुर्चीकडे बघत होते. म्हणजे आपल्या डोक्याकडे.

"फ्रेम करून हवंय ना?" त्यांनी विचारलं.

"हो. बाबा, नुसतं मागे पुठ्ठा आणि पुढे काच. बाकी काही करू नका."

"हं."

"काही म्हणजे काहीही नाही."

"हं, हं," म्हणत बाबांनी चित्र आणि कात्रणांचं पाकीट दोन्ही उचललं आणि ते खाली स्टुडिओत गेले.

आता बाबांच्या त्या 'हं'वर विश्वास ठेवणं ही तोफेची चूक. बाबा पोटासाठी पासपोर्टचे फोटो काढतात हे खरं, पण त्यांचा जीव आहे जुने फोटो दुरुस्त करण्यात. लोक कुठून कुठून घेऊन येतात. बुरशी लागलेले पणजोबा, घडीवर बरोबर नाकातून फाटलेल्या आत्या, उंदराने कान खाल्लेले मामा. बाबा दातांत बारीक ब्रश धरतात, डोळ्यावर भिंग चढवतात आणि त्या माणसाला पुन्हा अख्खं करतात. बोलत नाहीत, कारण तोंडात ब्रश असतो. ब्रश नसला तरी बोलत नाहीत, सवय. त्यांच्या हाताखालून गेलेल्या फोटोत जोड कुठे आहे ते खुद्द काकांनाही भिंगातून सापडत नाही, आणि काकांनी आजवर कबूल केलेला तो एकमेव पराभव आहे.

सकाळी बाबांनी खाकी कागदात बांधलेलं चित्र तिच्या हातात दिलं. डोळे तांबारलेले, बोटांना राखाडी रंग. "नीट ने," म्हणाले. तोफेने तेव्हाच कागद फाडायला हवा होता. पण बस येत होती, आणि खरं सांगायचं तर तिच्या डोक्यात त्या वेळी फक्त "या बाजूने या" चालू होतं.

शाळेच्या हॉलमध्ये टेबलं भिंतीला लावून वर चित्रं टांगायचं काम चाललं होतं. कुणी बुटाला चमचे लावून त्याचा फोटो काढला होता. कुणी अंधाऱ्या खोलीत फोटोच्या कागदावर नुसते कंगवा आणि किल्ल्या ठेवून, क्षणभर दिवा लावून, कॅमेऱ्याशिवायच फोटो उमटवला होता. काळ्यावर पांढरा कंगवा, माशाच्या सांगाड्यासारखा. वर्गातली पहिल्या नंबरवाली, जिला सगळे स्कॉलर म्हणत, तिने एका बाईच्या पाठीतून झाड उगवलेलं दाखवलं होतं आणि खाली कार्ड लावलं होतं: झाडे वाचवा.

तोफेने सुतळी सोडली, खाकी कागद काढला, आणि तिच्या तोंडून असा आवाज आला की हॉलच्या दुसऱ्या टोकाला शिडीवर चढलेल्या शिपाईकाकांनी खाली बघितलं.

कडा नव्हत्या. कात्रीच्या कडा! पांढऱ्या, वाकड्यातिकड्या, तिने मुद्दाम तशाच ठेवलेल्या कडा, सगळ्या गायब. कुलूप आईच्या मानेवर असं बसलं होतं, जणू ती जन्मली तेव्हापासून तिथेच होतं. त्याच्या कडीची सावली आईच्या खांद्यावर पडली होती. खुर्चीचे पाय बाबांच्या कॉलरमध्ये हळुवार उतरत होते आणि कॉलरला त्यांच्या वजनाने बारीकशी सुरकुती पडली होती. नरसाळ्यावर स्टुडिओतल्या दिव्याचं प्रतिबिंब चमकत होतं. दादावाल्यांच्या चित्रात कात्री दिसलीच पाहिजे, हे बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं. आम्ही कापलंय, आम्ही चिकटवलंय, जग असं फाटलेलं आहे, बघा! अतियथार्थवाद्यांचं उलट. तिथे जोड दिसता कामा नये, अशक्य गोष्टसुद्धा स्वप्नातल्यासारखी सरळ खरी वाटली पाहिजे. म्हणजे बाबांनी एका रात्रीत, कुणाला न विचारता, तिला या चळवळीतून उचलून त्या चळवळीत नेऊन टाकलं होतं.

आणि तेही चाललं असतं. पण चौथं डोकं.

टॉर्च नव्हता. तिच्या खांद्यांवर पायपुसणं होतं. काथ्याचा एकेक धागा उभा, खालच्या कडेचे दोन धागे तिच्या वेणीत मिसळलेले. इतकं सुंदर बसवलेलं पायपुसणं जगात कुणाच्या मानेवर नसेल.

चित्रकलेच्या बाईंचा फोन मागून घेऊन तिने स्टुडिओत लावला.

"बाबा! पायपुसणं!"

"हं, सापडलं ना," बाबा म्हणाले. आवाजात चक्क आनंद होता. "तुझ्या पाकिटातच होतं. बरं झालं टाकलं नाहीस."

"मी ते काढलं होतं! मुद्दाम! वर टॉर्च लावला होता!"

"तेच ना. टॉर्चची कड सुटत होती. उचलून बघितलं तर खाली काथ्याचे कण. म्हटलं, अरे, वरचं ठिगळ आहे. खाली मूळ वेगळंच आहे."

"मूळ नाही ते! ती चूक होती!"

"बाळा, फोटो दुरुस्त करताना वरून कुणी लावलेलं असेल ते काढायचं असतं. मूळ जे असेल ते जपायचं."

"बाबा, हा पणजोबांचा फोटो नाहीये! मी जिवंत आहे! मला विचारता आलं असतं!"

"झोपली होतीस तू," बाबा म्हणाले. "टॉर्च टाकला नाही हं मी. फ्रेमच्या मागे पाकिटात आहे."

तिने फ्रेम उलटी केली. मागे खरंच छोटं पाकीट चिकटवलेलं होतं आणि त्यावर बाबांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'नंतरची भर'. तोफेला रडू येईल की हसू ते तिलाच कळेना, म्हणून तिने फोन ठेवला.

दप्तरात गोंद होता. फ्रेमची मागची पट्टी सहज निघण्यासारखी होती. काच काढायची, टॉर्च चिकटवायचा, पुन्हा पट्टी लावायची. पाकिटातून टॉर्च काढून तिने तळहातावर घेतला. गोंदाचं झाकण उघडलं. आणि बघते तर काय, बाबांनी पायपुसण्याची सावली तिच्या गणवेशावर, खिशापर्यंत, रंगवलेली. वर टॉर्च आला असता तरी खाली सावली पायपुसण्याचीच पडली असती. चौकोनी, दातेरी, कुणालाही ओळखू येईल अशी. काकांच्या भिंगाचीही गरज नव्हती.

"आल्या!" कुणीतरी ओरडलं.

दालनाच्या प्रमुख बाई उंच होत्या, केस पांढरे, पायात खेळायचे बूट. त्या एकेका चित्रापुढे थांबत होत्या आणि मुलांना प्रश्न विचारत होत्या. तोफेने टॉर्च मुठीत दाबला आणि फ्रेम घाईघाईने भिंतीवर अडकवली. शेजारीच स्कॉलर उभी होती, आणि तिचं उत्तर तोफेला शब्दन् शब्द ऐकू आलं. "या चित्रातून मला पर्यावरणाचा संदेश द्यायचा आहे. झाड हे आपल्या पाठीच्या कण्यासारखं असतं."

"छान," प्रमुख बाई म्हणाल्या. "पाठीतून झाड उगवल्यावर ती बाई झोपत कशी असेल?"

स्कॉलरने खालच्या कार्डाकडे बघितलं. याचं उत्तर पाठ केलेलं नव्हतं.

मग त्या तोफेपुढे आल्या. चित्राकडे बघितलं. जवळ गेल्या. नाक काचेला टेकेपर्यंत जवळ. मग मागे सरकल्या.

"वा," त्या म्हणाल्या. "यातून तुला काय सांगायचंय?"

झालं. कालपासून आईने विचारलं, काकांनी विचारलं, बसमध्ये कंडक्टरने खाकी कागदाकडे बघून "काय आहे आत?" विचारलं, आणि आता हिनेसुद्धा! तोफेच्या डोक्यात, म्हणजे पायपुसण्यात, काहीतरी फुटलं.

"काही नाही!" ती म्हणाली. "मला यातून कुणालाही काहीही सांगायचं नाहीये! सगळ्यांना प्रत्येक गोष्टीतून काहीतरी सांगायचंच असतं का? मी अभ्र्यात हात घातला, कुलूप आलं, आईला लावलं. आता आई म्हणते मी तिला तुरुंगाधिकारी म्हटलं. नरसाळं आलं, काकांना लावलं, काका म्हणतात मी त्यांना बिनडोक म्हटलं. मला कात्रीच्या कडा हव्या होत्या, तर बाबांनी सगळ्या बुजवून टाकल्या, कारण त्यांना कड दिसली की चैनच पडत नाही! माझं दादाचं चित्र होतं, आता ते कशाचं आहे ते मलाच माहीत नाही!"

चित्रकलेच्या बाईंनी मागून डोळे मोठे केले. तोफेला दिसलं. पण धडाडायला लागलेली तोफ मध्येच कशी थांबणार?

"आणि हे पायपुसणं! हे तर माझंच डोकं! हे खरंच आलं होतं अभ्र्यातून, पण मी खोटेपणा केला. काढून टाकलं आणि टॉर्च लावला. दोनदा हात घातला. तिसऱ्यांदा डोळे उघडे ठेवून. बाकीच्यांना म्हटलं योगायोग आहे, मुकाट्याने घ्या, आणि स्वतःच्या वेळी..." तिने मूठ उघडली. घामाने भिजलेला टॉर्च तळहाताला चिकटला होता. "हा बघा. आणि बाबांना वाटलं पायपुसणं मूळ आहे, म्हणून त्यांनी ते परत बसवलं. इतकं छान बसवलं की आता निघतसुद्धा नाही!"

शिडीवरचे शिपाईकाकाही थांबले. तोफेला वाटलं, संपलं. गेलं दालन, गेली सुट्टी, गेलं "या बाजूने या".

प्रमुख बाई मात्र पायपुसण्याच्या सावलीकडे बघत होत्या. "अर्थ नसता तर तू टॉर्च लावला नसतास," त्या म्हणाल्या.

तोफेने तळहातावरच्या टॉर्चकडे बघितलं, मग पायपुसण्याकडे.

"दालनात लोक दिवसभर तुला हेच विचारतील. याचा अर्थ काय, त्याचा अर्थ काय. काय करशील?"

"वैतागेन," तोफ म्हणाली. खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती.

"वैताग चालेल. ठोकून दिलेलं उत्तर चालणार नाही." बाईंनी तिच्या मागे बघितलं. "ही तुझीच माणसं ना? कुलूप आणि नरसाळं?"

तोफेने वळून बघितलं आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारला. दारातून आई येत होती, लॅबमधून थेट, केसांना टोपीचा वळ. मागे काका, हातात भिंग. आणि सगळ्यात मागे बाबा, स्टुडिओ बंद करून आलेले, फोनवर पोरीचा आवाज चढला म्हणून काळजीत पडलेले.

"यांना चित्र दाखव," प्रमुख बाई म्हणाल्या. "अट एकच. अर्थ सांगायचा नाही. नुसतं बघायला लावायचं. मी इथे बाजूला उभी आहे."

म्हणजे अजून गेलं नव्हतं! पण अट बघा. जगातले सगळे प्रेक्षक सोडून नेमके हे तीन. तोफेने खोल श्वास घेतला, आणि आरशासमोर घोटलेलं वाक्य जरा चिरक्या आवाजात बाहेर पडलं.

"या बाजूने या."

"आम्हाला माहितीये कुठून यायचं," काका म्हणाले आणि भिंग घेऊन पुढे झाले. "अरेच्चा! टॉर्च कुठे गेला? पायपुसणं! वहिनी, पायपुसणं आलं बघा!"

"हिच्याही वाट्याला आलं का?" आईने चष्मा वर सरकवला. चेहऱ्यावर असं समाधान, जणू हरवलेला रिपोर्ट सापडला.

'काका, भिंग खिशात ठेवा नाहीतर,' असं तोफेच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तिने जीभ चावली.

"तुम्हाला काय दिसतंय?" तिने विचारलं. "आई, तू सांग. फक्त दिसतंय ते."

आईने बघितलं. नीट, काचपट्टी बघते तसं. "कुलूप," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "उघडं आहे की हे. कडी अडकलेली नाहीये. काल मला दिसलंच नाही."

तोफेलाही दिसलं नव्हतं. तिने कापलं होतं, चिकटवलं होतं, आणि कडी उघडी होती हे तिला आत्ता कळत होतं. ती त्यावर काही बोलणार होती, पण अट आठवून गप्प बसली. गप्प बसणं इतकं अवघड असतं हे आजवर कुणी तिला सांगितलं नव्हतं.

काका नरसाळ्यावर भिंग धरून जोड शोधत होते. सापडत नव्हता. ते पुटपुटत होते.

"बाबा," तोफ म्हणाली. "तुम्ही कडा का बुजवल्यात? मी सांगितलं होतं ना, काही करू नका म्हणून!"

"कडा राहिल्या असत्या तर लोक म्हणाले असते, बापाला जमलं नाही," बाबा म्हणाले.

यावर द्यायला तिच्याकडे निदान पंधरा उत्तरं होती. दादावाल्यांचं एक, बाईंच्या फळ्यावरचं एक, बाकीची तिची स्वतःची. पण पांढऱ्या केसांच्या बाई बाजूला हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"बरं," ती दातांवर दात ठेवून म्हणाली. "तुम्हाला काय दिसतंय?"

बाबांनी खुर्चीकडे बघितलं. काल रात्री बघत होते तसंच.

"ही खुर्ची आहे ना," ते म्हणाले, "हिच्या पाठीची ही मधली पट्टी बघ. जरा झिजलेली आहे. म्हणजे कॅटलॉगसाठी फोटो काढला तेव्हा ती नवी नव्हती. कुणीतरी बसून गेलंय आधी. आता माझ्या स्टुडिओत दिवसभर लोक येतात, स्टुलावर बसतात, मान सरळ करतात, उठून जातात. मी कधी बसत नाही त्यावर. रात्री दुरुस्त करता करता मनात आलं, आपल्या डोक्यात कोण कोण बसून गेलं असेल? ते पणजोबा, बुरशीवाले, आठवतात तुला? त्यांचा डावा डोळा मी चार रात्री रंगवत होतो. तो डोळा अजून जात नाही माझ्या डोक्यातून. आणि ती घडी पडलेली आत्या..."

आई वळून बाबांकडे बघायला लागली. काकांनी भिंग खाली घेतलं. बाबा सलग इतकं बोलू शकतात हे त्या दोघांनाही नवीन होतं. बाबा खुर्चीच्या पाठीवरून पुढच्या पायांवर आले, पायांवरून सावलीवर, सावलीवरून स्टुडिओतल्या डाव्या दिव्यावर, जो गेली कित्येक वर्षं जरा वाकडा पडतो. मागे शाळेतली मुलं जमली. त्यांच्या मागे इतर मुलांचे आईबाप. रांग लागली. स्कॉलर टाचा उंच करून बघत होती.

प्रमुख बाई चित्रकलेच्या बाईंच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "सुट्टी लागली की हिला पाठवा माझ्याकडे," आणि ते तोफेला ऐकू आलं. तिला तिथल्या तिथे उडी मारायची होती, ओरडायचं होतं, टॉर्च हवेत फेकायचा होता.

पण बाबा आता परत खुर्चीच्या उजव्या मागच्या पायावर आले होते.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मागे लोक थांबलेत."

"हं," बाबा म्हणाले, "झालंच," आणि बोटाने काचेवर दाखवत पुढे सांगायला लागले, "आता तू ही कॉलर बघ."